लेप्टोनंतर क्रिएटिनिन वाढले, लघवी मात्र भरपूर: ‘नलिकांना इजा’ म्हणजे नेमके काय?

भातखाचर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६१ असून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात भातशेती करतात. जुलैमध्ये लावणी चालू असतानाच त्यांना थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या हात लावू देईनात इतक्या दुखू लागल्या आणि डोळे लाल झाले. आमच्याकडे पावसाळ्यात अशी लक्षणे दिसली की आधी लेप्टोचाच (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या जंतूंचा ताप) संशय घेतात, आणि तपासणीतही तेच निघाले. दाखल केले त्या दिवशी क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) २.८ होते, ते पुढे ५.४ पर्यंत चढले. पोटॅशियम मात्र २.९ इतके खाली आले आणि ते शिरेतून द्यावे लागले. प्रतिजैविके लगेच सुरू झाली होती आणि डायलिसिसची वेळ आली नाही. घरी सोडताना क्रिएटिनिन १.७ होते.

मला न उमगलेली गोष्ट अशी की, या सगळ्या काळात त्यांची लघवी एकदाही कमी झाली नाही. उलट ती दिवसाला तीन-साडेतीन लिटर होत होती. किडनी निकामी झाली की लघवी बंद होते, असेच आम्ही आजवर ऐकत आलो. डॉक्टरांनी फेरीच्या वेळी एवढेच सांगितले की, गाळणी शाबूत आहे, इजा नलिकांना झाली आहे आणि ती भरून येईल. गाळणी शाबूत असेल तर रक्तातले क्रिएटिनिन का वाढावे? लघवी भरपूर होत असूनही किडनी काम करत नाही, असे का म्हणावे? आणि ‘भरून येईल’ याचा अर्थ पूर्ववत होईल असा घ्यावा की कामचलाऊ होईल असा? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

अंतर्साल

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. रुग्ण तपासत नसल्यामुळे उपचारांबद्दल बोलणार नाही, पण तुमचे पहिले दोन प्रश्न माझ्या विषयातले आहेत.

गाळण्याचे काम केशिकागुच्छ (बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ, म्हणजेच तुमच्या डॉक्टरांची ‘गाळणी’) करतात आणि नलिका हा गाळलेले पाणी बाहेर नेण्याचा केवळ मार्ग आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. आकडे पाहिले की ती टिकत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन (एक केशिकागुच्छ आणि त्याला जोडलेली नलिका मिळून एक नेफ्रॉन) असतात आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. शरीरातील रक्तद्रव फक्त तीन लिटरच्या आसपास असतो, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठएक वेळा गाळला जातो. या १८० लिटरपैकी लघवी म्हणून बाहेर पडतात दीड-दोन लिटर. बाकी सगळे नलिका रक्तात परत घेतात. त्या द्रवातून गाळले जाणारे मीठच दिवसाला जवळजवळ दीड किलो भरेल, आणि तेही नव्याण्णव टक्क्यांहून अधिक परत घेतले जाते. यातले सुमारे दोन तृतीयांश काम नलिकेच्या पहिल्या, नागमोडी भागात होते. साखर आणि अमिनो आम्ले जवळपास संपूर्णपणे तिथेच शोषली जातात. पुढच्या हेन्लेच्या वळणात आणखी पाव भाग सोडियम परत येतो आणि त्याच्याच जोरावर मूत्रपिंडाच्या आतल्या भागात क्षारांची दाटी निर्माण होते. ती दाटी असते म्हणूनच लघवी घट्ट करता येते.

या श्रमाला अखंड ऊर्जा लागते. विरोधाभास असा की, हृदयातून निघालेल्या रक्तापैकी पाचव्या हिश्शाहून अधिक रक्त मूत्रपिंडांना मिळत असले, तरी नलिकांचे सर्वांत राबणारे काही भाग ज्या आतल्या थरात आहेत तिथे प्राणवायूची सदैव टंचाई असते. रक्तदाब घसरला, शरीरातले पाणी कमी झाले किंवा रक्तातून विष आले, तर पहिला फटका नलिकेच्या पेशींना बसतो. केशिकागुच्छ त्या मानाने तग धरून राहतात. तुमच्या डॉक्टरांनी गाळणी शाबूत आहे म्हटले ते या अर्थाने.

मग क्रिएटिनिन का वाढते? गाळणीची रचना शाबूत असली, तरी तिचे काम मंदावते, आणि ते मंदावण्याचे कारण नलिकांमध्येच असते. इजा झालेल्या पेशी आपल्या जागेवरून सुटतात, नलिकेतल्याच एका प्रथिनात गुंफल्या जाऊन त्यांचे बोळे बनतात आणि ते वाट अडवतात. वाट अडली की मागचा दाब वाढतो आणि त्या नेफ्रॉनमधले गाळणे थंडावते. दुसरे असे की, पेशींचे अस्तर जिथे उघडे पडले तिथून आधी गाळलेला द्रव क्रिएटिनिनसकट परत रक्तात झिरपतो, म्हणजे गाळूनही न गाळल्यासारखेच होते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रत्येक नलिका आपल्या वाटेवर पुन्हा स्वतःच्याच केशिकागुच्छाला येऊन भिडते. तिथल्या पेशी पुढे किती मीठ चालले आहे याची चाचपणी करत असतात आणि ते वाजवीपेक्षा जास्त दिसले की गुच्छाला रक्त आणणारी धमनिका आकसून घेतात. पहिल्या भागातल्या पेशी लुळ्या पडल्यामुळे मीठ शोषले गेले नाही, तर हा निरोप पोहोचतो आणि गाळणे कमी केले जाते. तसे झाले नसते तर काय झाले असते, याचा हिशोब करून पाहा. मिनिटाला १२५ मिलिलिटर या वेगाने गाळणे चालू आणि परत घेणारे कोणी नाही, अशा स्थितीत शरीरातला सगळा रक्तद्रव अर्ध्या तासाच्या आत लघवीवाटे निघून जाईल. थुराऊ आणि बॉयलन या दोन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अशा मूत्रपिंडबंदीला अपयश न म्हणता यश म्हणावे, अशी मांडणी केली होती. मला ती थोडी टोकाची वाटते, कारण रुग्णाच्या रक्तात विषारी द्रव्ये साठतच असतात. परंतु तिच्यातला तर्क विसरण्यासारखा नाही.

आता लघवीचे. समजा, गाळण्याचा वेग १२५ वरून १५ मिलिलिटरवर आला. तरीही दिवसाला २१ लिटरहून अधिक द्रव गाळला जातो. निरोगी नलिकांनी त्यातले वीस लिटर सहज परत घेतले असते. जखमी नलिकांनी अठराच घेतले, तर साडेतीन लिटर लघवी होते. मोजपात्रात साडेतीन लिटर दिसतात, पण क्रिएटिनिन बाहेर टाकण्याचे काम मात्र पूर्वीच्या आठव्या हिश्शावर आलेले असते. लघवी किती झाली यावरून किती गाळले गेले हे कळत नाही. गाळलेले आणि परत घेतलेले यांतला फरक तेवढा कळतो.

सूक्ष्मदर्शी

मी रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. वरच्या विवेचनात जे सांगितले आहे, त्यातले बरेचसे लघवीच्या साध्या तपासणीत डोळ्यांनी दिसते. तरीही त्या तपासणीकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून लिहीत आहे.

नलिकांच्या पेशी मोठ्या प्रमाणात गळल्या असतील, तर लघवीच्या साक्यात मातकट तपकिरी, कणीदार, दंडगोल आकाराचे तुकडे दिसतात. हेच ते नलिकांत तयार झालेले बोळे. नमुना ताजा असेल आणि कोणी तो लक्षपूर्वक पाहिला, तर निदान तिथेच निम्मे होते. दोन तास टेबलावर पडून राहिलेल्या नमुन्यात मात्र ते विरघळलेले असू शकतात.

दुसरी खूण सोडियमची. रुग्णाच्या शरीरातले पाणीच कमी झाले असेल आणि नलिका धडधाकट असतील, तर त्या मीठ घट्ट धरून ठेवतात. गाळलेल्या सोडियमपैकी एक टक्क्याहून कमी सोडियम लघवीत सापडते. नलिका जखमी असतील तर हे प्रमाण सहसा दोन टक्क्यांच्या वर जाते. लघवी वाढवणारी गोळी किंवा इंजेक्शन दिलेले असेल, तर या आकड्यावर विसंबता येत नाही. त्याचप्रमाणे जखमी नलिकांना लघवी ना घट्ट करता येते ना पातळ. तिचे विशिष्ट गुरुत्व १.०१० च्या आसपास अडकून राहते.

रक्तातली साखर सामान्य असताना लघवीत साखर दिसली, तर पहिल्या भागातल्या नलिकांकडे बोट जाते. पण आजकाल मधुमेह, हृदयविकार आणि किडनीच्या अनेक रुग्णांना डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे दिली जातात आणि ती नलिकेतले साखरेचे शोषण मुद्दामच रोखतात, त्यामुळे आधी औषधांची यादी पाहावी. प्रथिनांच्या बाबतीतही एक मेख आहे. कागदी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. नलिकांच्या विकारात बाहेर पडणारी लहान रेणूंची प्रथिने तिला फारशी दिसत नाहीत, म्हणून पट्टीवर प्रथिने ‘नाहीत’ किंवा ‘अत्यल्प’ आली तरी नलिका ठीक आहेत, असा अर्थ काढता येत नाही.

क्रिएटिनिनबद्दल एक गोष्ट आणखी. इजा झाल्यावर ते लगेच चढत नाही, एक-दोन दिवस मागे असते. शिवाय ते स्नायूंतून येते, त्यामुळे सडपातळ वृद्ध माणसाचे १.७ आणि तगड्या तरुणाचे १.७ सारखे समजू नयेत.

मूत्रपिंडवैद्य

मी मूत्रपिंडविकारांचा डॉक्टर आहे आणि पावसाळ्यात कोकणातून आलेले असे रुग्ण दरवर्षी पाहतो. अंतर्साल यांनी यंत्रणा उत्तम सांगितली आहे. फक्त लेप्टोमध्ये तिच्यात थोडी भर घालावी लागते. या आजारात नलिकांच्या पेशींबरोबर त्यांच्या मधल्या जागेतही सूज येते, ताप, उलट्या आणि गळक्या रक्तवाहिन्या यांमुळे रक्तातले पाणी कमी होते आणि कावीळ जास्त असेल तर पित्तरंजकाचाही त्रास नलिकांना होतो. त्यामुळे सगळा दोष बोळ्यांवर टाकता येणार नाही. अनेक रुग्णांचे क्रिएटिनिन शिरेतून पुरेसे पाणी मिळताच पहिल्या दोन दिवसांत बरेच उतरते. तो भाग नलिकांच्या इजेचा नसून पाण्याच्या कमतरतेचा होता, असे नंतर लक्षात येते.

हे जंतू उंदराच्या मूत्रपिंडातही नलिकांच्या पहिल्या भागातच वस्ती करतात. उंदराला त्याचा विशेष त्रास होत नाही. तो महिनोन्‌महिने लघवीतून जंतू सोडत राहतो आणि ते खाचरातल्या पाण्यातून, पायावरच्या चिरा-जखमांतून माणसात शिरतात. माणसातही त्यांचा ओढा त्याच जागेकडे असतो, पण आपले शरीर ते निमूट सहन करत नाही.

तुमच्या वडिलांचे कमी झालेले पोटॅशियम हा माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा आहे. किडनी निकामी झाली की पोटॅशियम वाढते आणि त्याचीच आम्हाला धास्ती असते. लेप्टोमध्ये मात्र क्रिएटिनिन पाचवर आणि पोटॅशियम तीनच्या खाली, असे चित्र वारंवार दिसते. नलिकेच्या पहिल्या भागात सोडियम शोषले गेले नाही की ते पुढच्या भागात लोंढ्याने पोहोचते. तिथल्या पेशी त्यातले जमेल तेवढे परत घेतात आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडतात. शरीरात पाणी कमी असल्यामुळे अल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारे संप्रेरक वाढलेले असते आणि ते या देवघेवीला आणखी चालना देते. मॅग्नेशियमही याच वाटेने जाते, आणि ते भरून काढल्याशिवाय पोटॅशियम कितीही दिले तरी टिकत नाही. इतर कारणांनी नलिकांना इजा होऊन लघवी थांबलेल्या रुग्णात असे होत नाही, हे इथे वाचणाऱ्या सर्वांनी ध्यानात ठेवावे.

भरून येण्याबद्दल. नलिकेच्या पेशींना पुन्हा वाढता येते, हे त्यांचे मोठे बळ आहे. केशिकागुच्छातल्या गाळणीच्या काही पेशी एकदा गेल्या की जवळजवळ कायमच्या जातात. नलिकांचे तसे नाही. पेशींखालचे पातळ अस्तर टिकून असेल, तर वाचलेल्या पेशी त्यावर पसरतात, विभागतात आणि साधारण एक ते तीन आठवड्यांत नलिका पुन्हा विणली जाते. परंतु इजा खोल, वारंवार किंवा दीर्घकाळ झाली असेल, तर काही पेशी दुरुस्तीच्या मधल्याच टप्प्यावर अडकतात आणि आजूबाजूला व्रणासारखे तंतू तयार करणारे संदेश सोडत राहतात. असे तंतू वाढले की तिथल्या नलिका सुकतात आणि त्यांना जोडलेली निरोगी गाळणीही निरुपयोगी ठरते. किडनीचा तुकडा काढून तपासला जातो, तेव्हा पुढे रुग्णाचे काय होणार याचा अंदाज गाळणीपेक्षा नलिकांच्या सुकण्यावरून अधिक चांगला बांधता येतो, मग मूळ आजार गाळणीचा का असेना.

लेप्टोमध्ये बहुतेक रुग्ण या दुसऱ्या वाटेला जात नाहीत. १.७ वर घरी जाणे हे चांगले लक्षण आहे. तरीही तैवानमधील संशोधकांनी लेप्टोच्या संपर्कात आलेल्या लोकांत मूत्रपिंडाची क्षमता तुलनेने कमी आढळल्याचे नोंदवलेले असल्यामुळे, बरे वाटले म्हणून तपासण्या सोडून देऊ नयेत. सुरुवातीला एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिनबरोबर लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण, एवढे अवश्य करावे. तीन महिन्यांनी जे चित्र असेल, त्यावरून कायमचे नुकसान आहे की नाही हे ठरते.

भातखाचर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. प्रथमच सुसंगत चित्र डोळ्यांसमोर आले. एक शंका अजून आहे. घरी आल्यावर एका नातेवाइकांनी किडनीच्या रुग्णांचे पथ्य म्हणून एक छापील कागद दिला. त्यात शहाळे, केळी, टोमॅटो आणि डाळी वर्ज्य, पाणी दिवसाला एक लिटर, असे लिहिले आहे. वडील ते काटेकोरपणे पाळत आहेत आणि त्यांना चालताना पाय लटपटतात. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते. हे पथ्य बरोबर आहे का?

मूत्रपिंडवैद्य

हा कागद आज बाजूला ठेवा आणि शक्यतो उद्याच पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. पाय लटपटणे हे कमी पोटॅशियमचेही लक्षण असू शकते आणि पाणी कमी पडल्याचेही. चक्कर, छातीत धडधड किंवा हातपाय उचलता न येणे असे काही असेल, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

ते पथ्य चुकीचे नाही, ते वेगळ्या रुग्णासाठी आहे. ज्यांचे गाळणे कायमचे घटलेले आहे, लघवी कमी आहे आणि पोटॅशियम साठते, त्यांच्यासाठी ते लिहिलेले असते. तुमच्या वडिलांच्या नलिका पाणी आणि पोटॅशियम सांडत होत्या. त्यांना एका लिटरवर ठेवले तर शरीर कोरडे पडेल आणि सावरत असलेल्या नलिकांवर पुन्हा तोच आघात होईल. लघवी घट्ट करण्याची क्षमता सर्वांत शेवटी परत येते, म्हणून रात्री उठावे लागणे काही आठवडे चालू राहू शकते. तहानेप्रमाणे पाणी प्यावे, रोज सकाळी वजन करून लिहून ठेवावे; वजन भराभर घटत असेल तर पाणी कमी पडते आहे. शहाळे द्यावे की नाही, हे मात्र अहवालातला आकडा पाहूनच ठरवा. पोटॅशियम आता सामान्य झाले असेल आणि क्रिएटिनिन अजून वर असेल, तर उत्साहाने रोज दोन शहाळी पाजणेही बरे नाही.

औषधाक्षर

औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो. लावणीच्या कामानंतर अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेण्याची सवय गावोगावी आहे. मूत्रपिंडाला रक्त कमी पडू लागले की ते काही स्थानिक द्रव्यांच्या मदतीने आपल्या धमनिका उघड्या ठेवते. ही औषधे तीच द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. ताप, उलट्या आणि कोरडे शरीर यांच्या जोडीला अशी गोळी आली, तर प्राणवायूसाठी आधीच आसुसलेल्या नलिकांची अवस्था काय होईल हे वरच्या प्रतिसादांवरून उघड आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर अधिकच जपावे. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही प्रतिजैविके नलिकेच्या पहिल्या भागातील पेशींत शिरून साठतात. ती जीव वाचवतात, पण मापूनच द्यावी लागतात. आणि ‘किडनी साफ करणारा’ म्हणून मिळणारा कोणताही काढा या काळात नको. ईश्वरमूळ ज्या कुळातले आहे, त्या वनस्पतींतील ॲरिस्टोलोकिक आम्लाने नलिका कायमच्या सुकतात, हे बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन घटवण्याच्या औषधांमुळे फार मोठी किंमत मोजून कळले. कोकण-गोव्यात मिळणाऱ्या बिलिंबीचा दाट रस औषध म्हणून प्यायल्यामुळे नलिकांत ऑक्झलेटचे स्फटिक साचल्याच्या नोंदीही केरळमधून प्रसिद्ध झाल्या आहेत. आमटीतल्या दोन बिलिंबींची गोष्ट वेगळी.

पेशी पुन्हा वाढतात हे खरे असले, तरी त्याला मर्यादा आहे, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेले होते आणि १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. या विषापासून यकृतात तयार होणारे आम्ल नलिकेच्या पहिल्या भागातील पेशींत साचते आणि त्या एकगठ्ठा मरतात. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातील मुले खोकल्याच्या औषधातील याच विषाने दगावली. त्यांच्यापैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. अशा वेळी विणकाम पुन्हा सुरू करायला पुरेशा पेशीच उरत नाहीत.

भातखाचर

आज रक्त तपासले. पोटॅशियम ३.१, क्रिएटिनिन १.५. स्थानिक डॉक्टरांनी पोटॅशियमचे औषध पुन्हा सुरू केले, पाण्यावरची मर्यादा काढली आणि पुढच्या आठवड्यात मॅग्नेशियमसह तपासणी सांगितली. वडील आता पुढच्या हंगामात खाचरात उतरता येईल का, असे विचारत आहेत.

मूत्रपिंडवैद्य

तीन महिन्यांची तपासणी ठीक आली, तर उतरता येईल. एकदा लेप्टो होऊन गेल्यामुळे पुन्हा होत नाही, असे मात्र नाही, कारण जंतूंच्या जाती अनेक आहेत. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, पायावरच्या जखमा झाकणे, आणि लावणीच्या काळात आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिन आपल्या डॉक्टरांना विचारून, एवढे ठरवून ठेवा. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि मागच्या वर्षीचे कागद सोबत न्यावेत, म्हणजे नवे क्रिएटिनिन कोणत्या आकड्याशी ताडायचे हे तिथल्या डॉक्टरांना कळेल.